शस्त्रवैद्य लिस्टर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण रोगी दगावला, हे वाक्य आज आपण थट्टेने उच्चारतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील मोठमोठ्या इस्पितळांत मात्र ते रोजचे सत्य होते. १८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म यांचा उपयोग सुरू झाला आणि रोग्याच्या वेदना थांबल्या. त्याचे मरण थांबले नाही. चार दिवसांत जखम चिघळे, रक्तात विष भिने आणि रोगी जाई. दोष दिला जाई तो वॉर्डातील कोंदट हवेला. शस्त्रवैद्य मात्र रक्तापुवाने ताठ झालेला जुना कोट अभिमानाने अंगात घालीत. कोट जितका मळका, तितका अनुभव दांडगा, अशी समजूत!

ही समजूत ज्याने मोडली त्या जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडात अप्टन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील मद्याचे व्यापारी. परंतु सूक्ष्मदर्शकाची भिंगे निर्दोष करण्याच्या कामगिरीमुळे ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे अस्तित्व मानण्याची तयारी पुत्राच्या अंगी या घरातूनच आली असावी, असे आम्हांस वाटते. लंडनचे शिक्षण संपवून ते एडिंबरोस प्रख्यात शस्त्रवैद्य साइम यांच्या हाताखाली गेले. १८५६ मध्ये साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या प्रयोगांच्या वह्या या बाईने जन्मभर लिहिल्या.

१८६१ मध्ये लिस्टर ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत शस्त्रवैद्य झाले. इमारत नवी, पण मृत्यू जुनाच. १८६५ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक अँडरसन यांनी त्यांचे लक्ष पाश्चरच्या संशोधनाकडे वेधले. कुजण्याची क्रिया हवेमुळे नव्हे, सूक्ष्म जंतूंमुळे होते, हे पाश्चरने दाखविले होते. कार्लाइल गावी गटाराच्या मैल्यावर कार्बोलिक ॲसिड टाकतात, हेही लिस्टर यांच्या कानी आले होते. गटाराला उपयोगी पडणारे औषध जखमेला का पडू नये?

१२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा इस्पितळात आणला गेला. गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड मोडले होते आणि कातडीही फाटली होती. असा पाय त्या काळी बहुधा कापीतच. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडात भिजविलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी पट्टी उघडली, तो पू नाही. सहा आठवड्यांत हाड सांधले आणि मुलगा स्वतःच्या पायांनी घरी गेला. पूर्वी हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीने १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६.

एवढ्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, कारण प्रश्न औषधाचा नव्हता, अभिमानाचा होता. लिस्टर यांचे म्हणणे मान्य करावयाचे म्हणजे आजवरचे कित्येक रोगी आपल्याच हातांनी व हत्यारांनी मारले, असे कबूल करावयाचे! व्हिएन्नाच्या झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये बाळंतिणींच्या बाबतीत हेच दाखविले, तेव्हा त्यांचीही उपेक्षाच झाली होती. लंडनच्या शस्त्रवैद्यांनी वर्षानुवर्षे लिस्टर यांची टवाळी केली; जर्मनीत हालेचे फोल्कमान, म्युनिकचे नुसबाउम यांनी मात्र ही पद्धत लवकर उचलली.

परंतु आमच्या दृष्टीने लिस्टर यांचा खरा मोठेपणा पुढे आहे. हवेतील जंतू मारण्यासाठी त्यांनी कार्बोलिकच्या फवाऱ्याचे यंत्र काढले होते. त्या फवाऱ्याने शस्त्रवैद्यांचे हात सोलत आणि डोळे चुरचुरत. तरी अनुयायी निष्ठेने तो वापरीत. धोका हवेपेक्षा हात, हत्यारे व कातडी यांपासूनच अधिक, हे ध्यानी येताच लिस्टर यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, जगातील नामांकित वैद्यांसमोर, आपल्याच फवाऱ्याबद्दल लाज व्यक्त करून तो टाकून दिला. इतरांना चूक कबूल करावयास लावणाऱ्याने ती प्रथम स्वतः करून दाखविली.

पुढे मानसन्मान आले. १८९५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, १८९७ मध्ये लॉर्ड झाले. (गुळण्या करण्याचे एक अमेरिकन औषध त्यांच्या नावावर विकले जाते, ते त्यांनी केलेले नव्हे.) १८९३ मध्ये इटलीत पत्नीचे निधन झाल्यावर मात्र त्यांचे मन कामात पूर्वीसारखे रमले नाही. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे ते निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबेत थोरामोठ्यांच्या पंक्तीत जागा मिळत होती; परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणे हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, ॲग्नेसच्या शेजारी, त्यांना विसावा देण्यात आला.