संत बहिणाबाई शिऊरकर



स्मरणिकेसाठी काही लिहा असे मंडळात सांगण्यात आले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. किराणा मालाच्या यादीपलीकडे हातात लेखणी येत नाही. पण बहिणाबाईंचे चरित्र मनात घोळत होते. खानदेशच्या ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबारायांच्या शिष्या.

वेरूळजवळच्या देवगावी आऊजी कुलकर्णी आणि जानकीबाई यांच्या पोटी १६२८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी लग्न झाले. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यातला, वेदपाठी, तीस वर्षांचा आणि बिजवर! पुढे वडिलांची भाऊबंदकी विकोपाला गेली आणि आईबाप, मुलगी, जावई असे सर्वजण रात्रीचे गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे भिक्षा मागत मागत ते कोल्हापुरास आले. तेथे बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाने त्यांना आसरा दिला.

त्याच घरी त्यांना एक कपिला गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या पाण्याला निघाल्या तरी ते मागे, कीर्तनाला निघाल्या तरी मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी त्याला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. ही गोष्ट तिखटमीठ लावून नवऱ्याच्या कानी गेली. त्याने अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरीला मारले आणि बांधून ठेवले. गाईने आणि वासराने चारापाणी सोडला. थोड्याच दिवसांत वासरू गेले. बहिणाबाई तीन दिवस निश्चेष्ट पडून होत्या.

कीर्तनात ऐकलेल्या तुकोबांच्या अभंगांचा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला. कार्तिक वद्य पंचमीला रविवारी तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवले आहे.

खरी कसोटी लागली ती यानंतर. देवाने बोलावले हे खरे, पण जायचे कसे? शास्त्र म्हणे, नवरा हाच स्त्रीचा देव. नवरा म्हणे, शूद्राला गुरू करणारी बायको मला नको. वेदाचा शब्द कानी पडणे बाईला वर्ज्य. मग आपला हा देह परमार्थाच्या उपयोगाचा तरी आहे का, अशी शंका त्यांना वारंवार येई. ती त्यांनी अभंगांत मुळीच लपवलेली नाही. मला त्यांचे हेच फार आवडते. इतर पोथ्यांतले संत जन्मतःच सिद्ध असतात, या मात्र आपल्यासारख्या चुलीपाशी बसून अडखळतात.

लोक त्यांच्या दर्शनाला येऊ लागले. हे काही नवऱ्याला सोसेना. बायकोला दिवस गेलेले असताना तिला टाकून तीर्थाला निघून जायचे त्याने ठरवले. तेव्हा बहिणाबाईंनी मनाशी निश्चय केला की नवऱ्याची सेवा सोडायची नाही आणि अंतरीचे नामही सोडायचे नाही. हे वाचताना मला त्या नवऱ्याचा संताप येतो, आणि खरे सांगायचे तर थोडा बाईंचाही. आजच्या मुली असे सोसणार नाहीत आणि सोसूही नये. पण त्या काळी माहेरच परागंदा झालेल्या मुलीने जायचे तरी कुठे?

निघायच्या वेळीच नवऱ्याला जबर ताप भरला. महिनाभर तो अंथरुणावर होता, अन्न जाईना. रात्रंदिवस उशाशी कोण होते ते सांगायला नकोच. तुकोबांची निंदा केली त्याचे हे फळ, असे त्याच्या मनाने घेतले आणि तो पालटला. पुढे सर्वजण गाय घेऊन देहूला गेले. स्वप्नात पाहिलेले तुकोबा तेथे प्रत्यक्ष दिसले. मंबाजी गोसाव्याने तेथेही छळ केला, त्यांच्या गाईलाही मारले. पण आता नवरा बायकोच्या बाजूने उभा होता. पुढे काशी नावाची मुलगी झाली, नंतर विठोबा हा मुलगा.

बहिणाबाईंनी बहात्तर वर्षांचे आयुष्य काढले. १७०० साली अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी विठोबाला बोलावून घेतले आणि मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा आपला तेरावा, असे त्या म्हणत. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांची समाधी आहे.

खोपटच्या एस. टी. स्थानकावरून भाजी घेऊन येताना गाड्यांच्या पाट्या वाचायची मला सवय आहे. शिऊरला एकदा जाऊन यावे असे फार मनात आहे. घरी मात्र अजून विचारलेले नाही.