सेस्यू हायाकावा : खलनायकाचा शिक्का आणि एक स्थलांतरित कलावंत

मूकपटांचा काळ म्हटला की आपल्याला चार्ली चॅप्लिन आठवतो. त्याच काळात सेस्यू हायाकावा नावाचा एक जपानी स्थलांतरित अमेरिकन प्रेक्षकांचा लाडका नट होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लोक टाळ्या वाजवतात म्हणून बरोबरीची जागा देतातच असे नाही. ही गोष्ट हायाकावा यांच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसते, म्हणून त्यांची कहाणी आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

हायाकावा यांचा जन्म १८८६ साली जपानच्या चिबा प्रांतात, समुद्रकाठच्या सुखवस्तू कुटुंबात झाला. मूळ नाव किंतारो. त्यांना नौदलात अधिकारी व्हायचे होते. पण खोल पाण्यात बुडी मारताना कानाचा पडदा फाटला आणि तो मार्ग बंद झाला. पुढे ते अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिसमधील जपानी वस्तीत नाटकांत काम करू लागले. तेथून निर्माते थॉमस इन्स यांनी त्यांना चित्रपटात आणले. १९१४ साली 'द टायफून' गाजला आणि त्याच वर्षी त्यांनी अभिनेत्री त्सुरू आओकी यांच्याशी लग्न केले.

१९१५ च्या डिसेंबरात सेसिल डिमिल यांचा 'द चीट' आला. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या चित्रपटात हायाकावा श्रीमंत जपानी व्यापारी झाले आहेत. हा व्यापारी आपल्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर तापलेला शिक्का उमटवतो. कर्ज घेतलेली गोरी स्त्री पैसे परत करायला येते, तेव्हा तो तिच्याही खांद्यावर तोच शिक्का उठवतो. हायाकावा यांचा संयत, कमीत कमी हालचालींचा अभिनय पाहून प्रेक्षक भारावले. ते एका रात्रीत तारा झाले. पण पडद्यावर स्त्रीच्या खांद्यावर उठलेला तो शिक्का खऱ्या आयुष्यात जपानी समाजावरच बसला. अमेरिकेतील जपानी लोकांनी चित्रपटाचा निषेध केला.

पुढे पहिल्या महायुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूने उभा राहिला. १९१८ साली 'द चीट' पुन्हा दाखवताना त्या खलनायकाला ब्रह्मदेशाचा करून टाकले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. तक्रार करायला त्याच्याकडे स्वतःचे सरकार नव्हते. दुष्टपणा तोच ठेवला, फक्त ज्याचा आवाज पोहोचत नाही अशा समाजाच्या माथी तो मारला. वस्त्यांमध्ये काम करताना ही रीत आम्हाला ओळखीची वाटते.

त्याच १९१८ साली हायाकावा यांनी एक मोठे पाऊल उचलले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या भूमिका करत राहण्यापेक्षा त्यांनी हावर्थ पिक्चर्स ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि काही वर्षांत वीसेक चित्रपट केले. त्यातला 'द ड्रॅगन पेंटर' (१९१९) आजही पाहता येतो. त्यात हायाकावा एका झपाटलेल्या चित्रकाराच्या भूमिकेत आहेत आणि नायिका त्सुरू आओकी आहेत. येथे जपानी माणूस प्रेम करतो, चुकतो, सावरतो. तो कोणासाठीही धोका नाही. एवढी साधी गोष्ट दाखवण्यासाठी संस्था आपल्या हातात असावी लागली.

पण पडद्याबाहेरचा कायदा बदलला नव्हता. कॅलिफोर्नियात गोऱ्या व्यक्तीला जपानी व्यक्तीशी लग्न करता येत नव्हते. ही बंदी १९४८ पर्यंत टिकली. १९२२ साली ओझावा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांनी आपण उच्च जातीचे आर्य असल्याचा आधार घेतला, तरी तेही हरले. जातीची पायरी दाखवून वर्णाची पायरी चढता आली नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

वाढत्या जपानीविरोधी वातावरणात १९२२ साली हायाकावा यांनी हॉलिवूड सोडले. फ्रान्समध्ये त्यांचे स्वागत झाले. दुसऱ्या महायुद्धात ते तेथेच अडकले, कुटुंब जपानमध्ये राहिले. त्या काळात जलरंगातील चित्रे विकून त्यांनी गुजराण केली. १९४९ च्या 'टोकियो जो'ने ते पुन्हा हॉलिवूडच्या पडद्यावर दिसले. सिलोनमध्ये चित्रित झालेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये (१९५७) त्यांनी छावणीप्रमुख कर्नल सायतो साकारला आणि त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. भूमिका पुन्हा शत्रूचीच होती. पण त्या शत्रूचा अपमान आणि एकांतातले रडणेही त्यांनी दाखवले.

उत्तरायुष्यात त्यांनी झेन परंपरेची दीक्षा घेतली. १९६० साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही झेन आहे. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले.

हायाकावा निर्दोष नायक नव्हते. शिक्का मारणारी भूमिका त्यांनीच केली आणि तिच्यामुळेच ते श्रीमंत झाले. तरीही हाती पैसा आणि नाव येताच त्यांनी ते आपल्या माणसांची गोष्ट सांगण्यासाठी लावले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्या तरुणांपैकी आज अनेक जण कॅमेरा हातात घेत आहेत. त्यांनी 'द चीट' आणि 'द ड्रॅगन पेंटर' हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. नट तोच आहे. गोष्ट कोणाची मालकीची आहे यावरून त्याचा चेहरा किती बदलतो, ते दिसेल.