नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी, कीर्तनकार, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. मराठी वाचक त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतात. १८९५ पासून बावीस वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनशी संलग्न होते. परदेशी मिशनच्या आश्रयाला राहूनही त्यांनी आपली कविता ओवी, अभंग आणि संस्कृत वृत्ते यांच्याच आधाराने वाढवली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत. लक्ष्मीबाईंना लिहावाचायला शिकवण्यापासून ते बालकवी ठोंबरे यांना घरात ठेवून घेण्यापर्यंत, दुसऱ्याच्या हाती पुस्तक आणि लेखणी देण्याचे काम टिळकांनी आयुष्यभर केले. त्यांच्या चरित्रातील हा भाग धर्मांतराच्या चर्चेत बहुधा मागे पडतो.

जन्म आणि बालपण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अतिशय तापट होते. आई जानकीबाई भाविक वृत्तीच्या होत्या. कवितेची ओढ आपल्याला आईकडून मिळाली, असे टिळक मानीत. आईचे छत्र त्यांना फार दिवस लाभले नाही. तिच्या मृत्यूनंतर ते घरापासून दुरावले आणि नाशिकला राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत ते थोडाच काळ होते. पुढचे इंग्रजी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या वाचनातून मिळवले. कोणतीही पदवी नसलेला हा मनुष्य पुढे अनेकांचा शिक्षक झाला.

विवाह आणि घरातील शाळा

१८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. त्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे कडक बंड होते. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांचे मन शिवाशिवीच्या भयाने ग्रासले. अशा घरात मुलीच्या शिक्षणाला जागा नव्हती.

टिळकांनी पत्नीला मराठी लिहायला-वाचायला शिकवले. मात्र हे शिक्षण सलग झाले नाही. टिळक एका जागी स्थिर राहत नसत. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, छापखान्यातील नोकर अशी अनेक कामे त्यांनी धरली आणि सोडली. गुरू रागीट, विद्यार्थिनी विनोदी आणि संसार फाटका असा तो वर्ग होता. नवऱ्याचा संताप, त्याची उधळी दानत आणि त्याच्या शिकवण्याच्या तऱ्हा यांचे चित्रण लक्ष्मीबाईंनी पुढे निर्मळ विनोदाने केले आहे. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणल्या जाणाऱ्या पुस्तकाची लेखिका शाळेत न जाता अशी घरातच घडली, हे टिळकांच्या चरित्रात नोंदवण्याजोगे आहे.

नागपूर, केशवसुत आणि धर्मांतर

नागपूरच्या वास्तव्यात १८८३ च्या सुमारास कृष्णाजी केशव दामले, म्हणजे पुढील काळातील केशवसुत, यांच्याशी टिळकांचा परिचय झाला. केशवसुत तेव्हा सतरा वर्षांचे विद्यार्थी होते. टिळक त्यांच्याहून काही वर्षांनी मोठे होते आणि कविता करीत होते. केशवसुतांच्या काव्यलेखनाला या सहवासाची चालना मिळाली, असे अभ्यासक मानतात. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. केशवसुतांनी इंग्रजी भावगीताचे नवे वळण मराठीत आणले, तर टिळक जुन्या छंदांत नवा आशय भरीत राहिले.

नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषि' हे मासिक चालवले. जातिभेद, कर्मकांड आणि देशाची अवनती या प्रश्नांनी ते या काळात अस्वस्थ होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असताना डब्यातील एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे काव्य आणि धर्म यांवर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. पुस्तकाविषयी विशेष आस्था नसतानाही दिलेल्या शब्दाखातर टिळकांनी ते वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र त्यांना ते खाली ठेववेना. टिळकांच्या आयुष्याला वळण देणारी घटना अशी वाचनातूनच घडली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता रे. तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून घ्यावयाचा, हा त्यांचा आग्रह होता. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी विरहाची जवळजवळ पाच वर्षे काढली. या काळात दोघांना जोडणारा धागा पत्रव्यवहाराचा होता. वाचता येत नसते, तर लक्ष्मीबाईंना नवऱ्याचे पत्रही परक्याच्या तोंडून ऐकावे लागले असते. पुढे त्या नगरला आल्या, काही काळ आपले सोवळे सांभाळून राहिल्या आणि स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

अमेरिकन मराठी मिशनमधील कार्य

अमेरिकन मराठी मिशनचे मुख्य ठाणे अहमदनगर येथे होते. राहुरी, वडाळा, सातारा, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे शिरूर ही त्याची अन्य केंद्रे होती. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले अमेरिकन मिशनरी होते. त्यांच्या हाताखाली टिळक अध्यापनाचे काम करू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध स्नेहाचे होते, पण निमूट आज्ञापालनाचे नव्हते. पगार, अधिकार आणि देशी ख्रिस्ती माणसाचा स्वाभिमान या प्रश्नांवर ते स्पष्ट बोलत.

त्यांचा मुख्य मतभेद भाषेचा होता. मंडळीत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजी व अमेरिकन स्तोत्रांची भाषांतरे असत आणि ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. ज्या शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या मुलाने लहानपणापासून अभंग, ओवी आणि भजन ऐकले, त्याला ही गीते पाठ करता येत, पण आपली वाटत नसत. टिळकांनी भजने, अभंग आणि पदे रचली, टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तने केली. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. 'अभंगांजली' हा संग्रह त्याच धारणेतून आला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या गीतपुस्तकात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ही गीते तोंडपाठ म्हणत. पाठ असलेले गीत छापील पानावर ओळखत अक्षरे शिकणे अशा विद्यार्थ्याला सोपे जाते, ही बाब शिक्षकाच्या ध्यानी येण्यासारखी आहे.

याच सुमाराची अमेरिका नजरेसमोर ठेवली, तर एक साम्य आढळते. तेथे लाँगफेलो, व्हिटियर, ब्रायंट हे कवी घरोघरी मोठ्याने वाचले जात आणि शाळांतून त्यांच्या कविता पाठ करून घेतल्या जात. केंब्रिजच्या शाळकरी मुलांनी १८७९ मध्ये लाँगफेलोला त्याच्या कवितेतील चेस्टनट वृक्षाच्या लाकडाची खुर्ची भेट दिली होती. व्हिटियरने मुलांसाठी कवितांचे संकलन केले आणि त्याच्या कवितांतील कडवी पुढे चर्चमध्ये स्तोत्रे म्हणून गायली जाऊ लागली. टिळकांनी या कवींचे अनुकरण केले, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु घर, शाळा आणि प्रार्थना या तिन्ही ठिकाणी चालेल अशी सोपी कविता लिहिणे हे कवीला कमीपणाचे नाही, ही त्या कवींची वृत्ती टिळकांतही दिसते.

मुलांसाठी आणि मुलांविषयीची कविता

टिळकांची कविता घरात रमते. पत्नी, मूल, फूल, पाखरू हे तिचे विषय. 'माझी भार्या', 'बापाचे अश्रू', 'सुशीला', 'वनवासी फूल' या त्यांच्या प्रसिद्ध रचना होत. त्यांपैकी 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य विशेष नावाजले गेले. त्यांच्या आधी मराठीत मुलांसाठी लिहिले जाई ते मुख्यतः बोधपर असे. टिळकांनी मुलाला उपदेशाचा विषय न करता कवितेचा विषय केले. उपदेश त्यांनाही टाळता आला नाही, आणि काही कविता त्यामुळे आज जड वाटतात, हेही खरे.

'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेक पिढ्यांनी शालेय पुस्तकात वाचली. पारध्याने घायाळ केलेली पक्षीण उडत-पडत घरट्यापाशी येते, पिलांच्या मुखी घास देते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. वृत्त पृथ्वी, म्हणजे संस्कृत पंडितांच्या सवयीचे. पण शब्दांची धडपड पक्षिणीच्या धडपडीशी इतकी जुळलेली आहे, की वृत्ताचे नाव ठाऊक नसलेला मुलगाही ती लयीत म्हणू शकतो. पारध्याला दूषण देण्यात कवी फारसे शब्द खर्चीत नाही.

तरुण कवींचा आश्रय

१९०७ मध्ये जळगाव येथे पहिले मराठी कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्षस्थानी होते. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेथे कविता म्हणण्यास उभा राहिला आणि त्याला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. उपाधीने पोट भरत नाही. ठोंबऱ्यांचे शिक्षण अर्धवट होते व घरची परिस्थिती बेताची होती. टिळक दांपत्याने त्यांना आपल्या नगरच्या घरी ठेवून घेतले. त्या घरात ते मुलासारखे वाढले, रुसले, भांडले आणि लिहीत राहिले. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत ठोंबरे वारंवार येतात, ते थोर कवी म्हणून नव्हे, तर हट्टी आणि भाबडा मुलगा म्हणून.

ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या घरी ब्राह्मण तरुणाने राहणे व जेवणे ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. टिळकांनी ठोंबऱ्यांवर धर्मांतराची सक्ती केली नाही आणि ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांच्या निसर्गकवितेवर टिळकांच्या फुलापाखरांची छाया आरंभी दिसते. नंतर शिष्य गुरूच्या पुष्कळ पुढे गेला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. त्यानंतर टिळकही जेमतेम वर्षभरच जगले.

'ज्ञानोदय' आणि 'ख्रिस्तायन'

१८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे १९१२ मध्ये आले व मृत्यूपर्यंत राहिले. मिशनचे मुलांसाठीचे मासिक 'बालबोधमेवा' याच परंपरेतले. धर्मप्रचाराच्या पत्रात टिळकांनी कवितेला, देशप्रेमाला आणि हिंदी ख्रिस्ती माणसाच्या स्वावलंबनाला जागा दिली. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याच्या हेतूने त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले, पण सुरुवातीच्या मोजक्या अध्यायांपलीकडे ते गेले नाही. उरलेले बहुतेक सर्व काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. अध्यायांच्या संख्येने पाहिले तर 'ख्रिस्तायन' हे पतीपेक्षा पत्नीचेच काव्य अधिक आहे.

अखेरची वर्षे

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यात एकत्र येतील, असा बंधुसंघ त्यांना अभिप्रेत होता. मिशनच्या चाकोरीत ही कल्पना बसणारी नव्हती. संघाला आकार येण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांपर्यंत मात्र टिळक पोहोचले ते मुख्यतः 'स्मृतिचित्रे'मधून. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात ते रागीट, विसरभोळे, कर्ज काढून दान करणारे आणि हाती आलेला पैसा घरी पोहोचू न देणारे गृहस्थ म्हणून दिसतात. लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या कविता 'भरली घागर' या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर संगृहीत झाल्या. पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनी आईवडिलांचे साहित्य जपण्याचे व संपादण्याचे काम पुढे चालवले.