फोडलेले मडके आणि घेतलेले शेत

रविवारच्या शाळेत यिर्मयाचा धडा आला की आपण बहुधा कुंभाराच्या घरापाशी थांबतो. चाकावर बिघडलेले भांडे कुंभार पुन्हा घडवतो, हे मुलांना चटकन कळते. पुढच्या अध्यायातले मडके मात्र आपण वगळतो. ते भाजलेले होते. फुटल्यावर सांधता येण्याजोगे नव्हते.

यिर्मया हा यरुशलेमेजवळच्या अनाथोथ गावच्या याजकघराण्यातला. इ. स. पूर्वी 627 च्या सुमारास, योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, त्याला पाचारण झाले. आपण लहान आहोत, बोलता येत नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. पुढे चाळीस वर्षे तो बोलत राहिला, आणि लोक ऐकेनासे झाले तेथे त्याला करून दाखवावे लागले. तागाचा कमरबंद त्याने खडकाच्या कपारीत कुजू दिला. लग्न करू नये अशीही त्याला आज्ञा झाली. आमच्या मते सर्वांत जड खूण हीच. ज्या हिन्नोमाच्या खोऱ्यात लोकांनी आपली लेकरे अग्नीत होमली, तेथे वडीलजनांसमोर त्याने ते मडके फोडले. याबद्दल पशहूर याजकाने त्याला मारून खोड्यात घातले.

इ. स. पूर्वी 604 च्या हिवाळ्यात यहोयाकीम राजाने त्याच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. जाळू नका अशी विनवणी करणाऱ्यांत शाफानाचा पुत्र गमऱ्या होता. 1982 साली यरुशलेमेच्या उत्खननात मातीचे सुमारे पन्नास शिक्के मिळाले. एकावर हेच नाव आहे. नगर जळाले त्या आगीत भाजून ते टिकले.

सिद्कीयाच्या काळी यिर्मया मानेवर जू घेऊन हिंडला : बाबेलच्या राजाची सेवा करा, तरच वाचाल. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांदेखत ते जू मोडले आणि दोन वर्षांत सुटका होईल असे सांगितले. यिर्मयाने प्रथम म्हटले, असे होवो तर बरेच; पण संदेश खरा ठरतो तो घडल्यावर. मग तो मुकाट्याने निघून गेला. लाकडाऐवजी लोखंडाचे जू येईल, हे वचन त्याला नंतर मिळाले. लगेच प्रत्युत्तर न देण्याचे हे धैर्य आम्हाला फार मोलाचे वाटते. हनन्या त्याच वर्षी मेला.

पुढे वेढा पडला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद असता चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. गाव शत्रूच्या हाती गेलेले. असे शेत कोण घेईल? यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार घातले आणि मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही खरेदीखते बारुखाकडून मातीच्या मडक्यात ठेवविली. आमच्या जोयडा तालुक्यात काळी नदीवरील धरणाखाली जुने सुपा गाव बुडाले. तेव्हा बाजारकुणंगकडच्या माणसाला जमिनीच्या कागदाची किंमत सांगावी लागत नाही, आणि जाणाऱ्या जमिनीसाठी पैसे मोजणे म्हणजे काय, हेही तो ओळखेल.

नगर पडले. उरलेल्या लोकांनी यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसरात नेले. तेथेही त्याने तहपन्हेस येथे फारोच्या वाड्याच्या दारापाशी मोठे धोंडे पुरले : बाबेलच्या राजाचे सिंहासन यांवर मांडले जाईल. अनाथोथचे ते शेत त्याने कधी कसले, अशी नोंद शास्त्रात नाही.