फकीर सिंग बूथ-टकर : व्यसनमुक्तीसाठी घर आणि काम मागणारा सनदी अधिकारी

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबई बंदरावर पोलीस एका सेनेची वाट पाहत होते. इंग्लंडहून येणारी ही सेना शहरात धार्मिक तणाव निर्माण करील, अशी धास्ती प्रशासनाला होती. प्रत्यक्षात बोटीतून तीन पुरुष आणि एक स्त्री अशी चारच माणसे उतरली. उरलेली सेना कधी येणार, अशी विचारणा झाली तेव्हा सेना एवढीच आहे, हे उत्तर ऐकून अधिकारी चकित झाले, असे मुक्तिफौजेच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. या चौघांचे नेतृत्व फ्रेडरिक टकर करीत होते. काही काळापूर्वीच त्यांनी पंजाबातील सनदी नोकरीचा राजीनामा दिला होता.

फ्रेडरिक टकर यांचा जन्म २१ मार्च १८५३ रोजी बिहारमधील मुंगेर येथे झाला. त्यांचे आजोबा हेन्री सेंट जॉर्ज टकर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते, तर वडील हिंदुस्थानातील ब्रिटिश प्रशासनात अधिकारी होते. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन टकर इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि पंजाबात साहाय्यक आयुक्त म्हणून रुजू झाले. मानमरातब, वेतन आणि निवृत्तिवेतन यांची हमी देणारी ती वाट होती. मात्र विल्यम बूथ यांनी लंडनच्या दरिद्री पूर्व भागात १८६५ मध्ये सुरू केलेल्या आणि १८७८ पासून ‘साल्व्हेशन आर्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मुखपत्र त्यांच्या हाती पडले. १८८१ मध्ये नोकरी सोडून ते या संस्थेत सामील झाले. मराठी मुलखात ही संस्था मुक्तिफौज या नावाने परिचित झाली.

मुंबईत आल्यावर टकर यांनी साहेबी पोशाख टाकला, भगवी वस्त्रे परिधान केली, पायांतील जोडे काढले आणि फकीर सिंग हे नाव घेतले. ढोल वाजवीत, गाणी गात त्यांच्या मिरवणुका निघत. राज्यकर्त्या वर्गातील गोऱ्या माणसाने भिक्षापात्र हाती घ्यावे, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांना मानवणारे नव्हते. मनाई मोडून मिरवणूक काढल्याबद्दल टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटले झाले, तुरुंगवासही घडला. धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांच्याशी मतभेद असलेले अनेक भारतीय या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी या कारवाईविरुद्ध आवाज उठवला.

हे दिवस मद्याच्या दृष्टीनेही निर्णायक होते. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा लागू झाला होता. मोहाची दारू गाळणे आणि ताडी काढणे यांवर सरकारी नियंत्रण कडक झाले आणि दारू हे महसुलाचे महत्त्वाचे साधन ठरले. गिरण्यांच्या शहरात गाव सोडून आलेला मजूर आणि दारूचे दुकान यांची गाठ रोजच पडत होती. व्यसनाने बरबाद होणाऱ्या कुटुंबाकडे मात्र महसुलाच्या हिशेबात जागा नव्हती.

१८८७ मध्ये टकर यांच्या पहिल्या पत्नी लुइझा यांचे कॉलऱ्याने निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांनी जनरल बूथ यांची कन्या एमा हिच्याशी विवाह केला आणि तिचे आडनाव आपल्या आडनावाला जोडून ते बूथ-टकर झाले. १८९० मध्ये विल्यम बूथ यांनी इंग्लंडमधील दारिद्र्य निवारणाची सविस्तर योजना पुस्तकरूपाने मांडली. काहींची दारू परिस्थिती बदलली की सुटते, तर काहींच्या बाबतीत व्यसन हा रोगच असतो आणि अशांना जुन्या वातावरणातून काढून स्वतंत्र निवासगृहात ठेवावे लागते, असा विचार त्यात होता. याच योजनेला हिंदुस्थानच्या परिस्थितीनुसार रूप देणारे ‘डार्केस्ट इंडिया’ हे पुस्तक बूथ-टकर यांनी लिहिले. तुरुंगातून सुटलेले कैदी, भिकारी आणि बेरोजगार यांच्याबरोबरच मद्यपींसाठी निवासगृहाची कल्पना त्यात होती. नुसत्या उपदेशाने दारू सुटत नाही. निजायला जागा, हाताला काम आणि सोबतीला माणसे मिळाली तरच माणूस सावरतो, हे या मांडणीचे सूत्र होते.

ते सूत्र मोठ्या प्रमाणावर अमलात आले अमेरिकेत. १८९६ मध्ये बूथ-टकर दांपत्याकडे तेथील कार्याची धुरा आली. त्यांच्या कारकिर्दीत १८९७ पासून औद्योगिक निवासगृहे उभी राहू लागली. बेघर, बहुतेकदा मद्याच्या आहारी गेलेल्या पुरुषांना तेथे जेवण आणि बिछाना मिळे. त्या बदल्यात ते घरोघरी टाकून दिलेले कपडे, लाकूडसामान आणि कागद गोळा करीत, दुरुस्त करीत आणि त्यांची विक्री होई. अमेरिकेत आजही चालणाऱ्या मुक्तिफौजेच्या निवासी पुनर्वसन केंद्रांचे मूळ या गृहांत सापडते.

एकट्या पुरुषाला सावरून भागणार नाही, कुटुंब एकत्र राहिले पाहिजे, हेही बूथ-टकर यांनी ओळखले. त्यासाठी शहरी गरिबांना कुटुंबासह पडीक जमिनीवर वसवणाऱ्या शेती वसाहती त्यांनी कोलोरॅडो, कॅलिफोर्निया आणि ओहायो येथे काढल्या. ओहायोमधील फोर्ट हेरिक वसाहत पुढे मद्यासक्तांच्या सुधारणेसाठी वापरण्यात आली. कादंबरीकार रायडर हॅगार्ड यांनी १९०५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने या वसाहतींची पाहणी करून अहवाल दिला. मात्र खारावलेली जमीन आणि कर्जाचा भार यांमुळे हा प्रयोग फार काळ तगला नाही. त्याआधीच, ऑक्टोबर १९०३ मध्ये, कोलोरॅडोची वसाहत पाहून परतणाऱ्या एमा यांचा मिसुरी राज्यात रेल्वे अपघातात मृत्यू झाला होता.

१९०७ मध्ये बूथ-टकर पुन्हा हिंदुस्थानात आले. या खेपेस त्यांचा भर हातमाग, रेशीम आणि कुटीरोद्योगांवर होता. म्हैसूर संस्थानात बंगळूर येथे जमशेटजी टाटा यांनी उभारलेले रेशीम केंद्र याच काळात मुक्तिफौजेकडे चालवण्यास आले. पूर्वी ज्यांना तुरुंगात टाकले, त्या फकीर सिंगांना सरकारने १९१३ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

सरकारशी जुळलेल्या या सख्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९०८ मध्ये गोरखपूर येथे डोम समाजासाठी वसाहत सुरू करून मुक्तिफौजेने या जमातींना वसवण्याचे काम हाती घेतले. तेथेही घर होते, काम होते, मुलांसाठी शाळा होती. परंतु हजेरी सक्तीची होती आणि परवान्याविना बाहेर पडण्याची मुभा नव्हती. सोलापूरच्या सेटलमेंटमुळे मराठी वाचकांना तारेच्या कुंपणाआडच्या अशा जीवनाची ओळख आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होईपर्यंत हा कलंक कायद्याने कायम राहिला.

बूथ-टकर यांच्या चरित्रातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. मद्यपीच्या निवासगृहात माणूस आपल्या पायांनी येत होता आणि जाऊही शकत होता. वसाहतीत त्याला आणून ठेवले जात होते. निवारा, शिस्त आणि श्रम ही साधने दोन्हीकडे सारखीच होती, फरक संमतीचा होता. व्यसनमुक्तीच्या नावाखाली रुग्णाला डांबून ठेवल्याच्या तक्रारी आजही पुढे येतात, तेव्हा हा फरक किती मोलाचा आहे, हे ध्यानात येते.

१९१९ मध्ये बूथ-टकर यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. जुलै १९२९ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत येऊन भगवी वस्त्रे परिधान केलेल्या या माणसाने दारू सोडू पाहणाऱ्याला उपदेशाच्या आधी अंथरूण आणि काम दिले. व्यसनी माणसाकडे पापी म्हणून नव्हे, तर आधार हवा असलेला माणूस म्हणून पाहणारी ही रीत त्यांच्या पश्चातही टिकून राहिली. ते दार आतूनही उघडता आले पाहिजे, हा धडा मात्र त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या चुकीतून मिळतो.