वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आपल्या भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून ज्यांची गणना होते, त्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या महोत्सवी अंकात संक्षेपाने देण्याचे आम्ही योजिले आहे. ते परदेशी क्रुसावर रक्तसाक्षी झाले हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्या क्रुसाकडे जाणारी वाट एका नकारातून निघाली होती, याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. आणि आम्हांस तर त्यांच्या चरित्रात तोच भाग अधिक मननीय वाटतो.

त्यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज व आई कोकणची, असे चरित्रकार मानतात. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले, व त्यांच्याच सोबतीने ते १५७२ साली जपानास गेले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली त्या देशात पाऊल ठेवून सुवार्तेचे बी पेरले होते. त्या शेतात आता कामकऱ्यांची वाण होती. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलाने तेथील भाषा अशी काही आत्मसात केली की, ते लोकांस धर्माचे पाठ देऊ लागले. सुमारे आठ वर्षे त्यांनी ही सेवा केली. मनात इच्छा एकच होती, ती ही की आपणांस येशूसंघात घ्यावे.

संघाने त्यांस घेतले नाही.

हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. पण आठ वर्षांची सेवा पदरी असलेल्या तरुणास ते ऐकणे किती जड गेले असेल, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्यांनी अक्षरे शिकविली, ज्यांच्या बोटास धरून समुद्र ओलांडला, त्यांच्याच दाराशी हा नकार मिळाला. दुसरा एखादा असता तर धर्मासच विटला असता. गोन्सालो तसे विटले नाहीत. त्यांनी येशूसंघाचा आसरा सोडला व पोट भरण्यासाठी व्यापार धरिला. व्यापारात त्यांस यशही चांगले आले, आणि त्यांची जहाजे पूर्वेकडील बंदरांतून ये-जा करू लागली.

येथे आमच्या माणदेशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पावसाने पाठ फिरविली म्हणून माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागांतील कितीतरी माणसे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करीत दूरदूरच्या शहरांत गेली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी तेथे पेढ्या उभ्या केल्या. अशा वेळी आपण म्हणतो, दुष्काळ पडला तेच बरे झाले. पण ज्यांची पेढी उभी राहिली नाही, त्यांच्या घरी जाऊन हे बोलण्याचे धैर्य कोणास होईल? गोन्सालो यांच्याही बाबतीत, संघाने नाकारले म्हणून श्रीमंती लाभली, देवाचा हेतू हाच, असे म्हणून कथा संपविता आली असती. त्यांनी स्वतः ती तेथे संपविली नाही. चालता धंदा त्यांनी सोडून दिला. ते फिलिपाइन बेटांतील मनिला येथे गेले व सुमारे १५८८ साली फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांस कधीच मिळाली नाही.

इकडे जपानात वारे फिरले होते. तेथील सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने १५८७ साली मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढिला होता, मात्र त्याची अंमलबजावणी कडक नव्हती. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविण्याचे ठरविले. आता त्या दरबारात बोलणार कोण? फ्रान्सिस्कन मठात जपानी भाषा उत्तम जाणणारा मनुष्य होता, आणि तो म्हणजे वसईचा हा धर्मबंधू. जी आठ वर्षे वाया गेली असे कोणासही वाटले असते, त्याच वर्षांत कमाविलेली भाषा आता कामी आली. दुभाषा म्हणून गोन्सालो हिदेयोशीसमोर उभे राहिले. फ्रान्सिस्कनांस क्योतो येथे राहण्याची मुभा मिळाली. त्यांनी तेथे देऊळ बांधिले आणि गोरगरीब व कुष्ठरोगी यांच्यासाठी रुग्णालये उघडली. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्याच बोलीत बोलणारा मनुष्य किती मोलाचा असतो, हे ज्यांनी परमुलखात आजार काढिला आहे त्यांस सांगावयास नको.

हे कार्य जेमतेम तीन वर्षे चालले. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावर फेलिपे दे जेझूस नावाचे मेक्सिकोचे तरुण फ्रान्सिस्कन होते. गुरुदीक्षेसाठी ते मायदेशी निघाले होते. जहाजावरील मोठा ऐवज हिदेयोशीने जप्त केला. धर्मोपदेशकांच्या मागून स्पेनचे सैन्य येते, असा संशय त्याच्या मनात बळावला, आणि त्याने फ्रान्सिस्कन व त्यांचे सोबती यांस देहान्ताची शिक्षा फर्माविली. गोन्सालोंबरोबर ते फेलिपेही त्यांत सापडले.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानांचे तुकडे कापण्यात आले व त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत कैद्यांच्या शुश्रूषेस आलेले दोघे भाविकही त्यांत सामील केले गेले, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. सर्वांत धाकटा, लुईस इबाराकी, अवघा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेने उभे करण्यात आले; कैद्यांस दोरांनी व लोखंडी कड्यांनी जखडून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो त्या वेळी चाळिशीचे होते.

त्या रांगेत सहा फ्रान्सिस्कन व सतरा प्रापंचिक ख्रिस्ती होते. उरलेले तिघे येशूसंघाचे होते: पॉल मिकी, जॉन सोआन व जेम्स किसाई. यांपैकी शेवटल्या दोघांस तर मरणापूर्वी थोडेच दिवस अगोदर संघात घेण्यात आले होते. ज्या संघाचे दार गोन्सालो यांस उघडले नाही, त्या संघाचे हे तीन पुत्र त्यांच्याच रांगेत क्रुसावर होते. आम्ही हे चरित्र वाचीत असता या ठिकाणी नेहमी थांबतो.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केले, व पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी रोम येथे संतपद दिले. ख्रिस्तसभा त्यांचा सण ६ फेब्रुवारी रोजी पाळते. वसईनजीक गास गावी संत गोन्सालो यांच्या नावाचे देऊळ आहे. आपल्या धर्मग्रामातून कोणी त्या बाजूस गेल्यास त्यांनी तेथे अवश्य जावे, आणि आमच्या वतीनेही एक मेणबत्ती लावावी.