महामूर्तीसाठी दारोदार गेलेले भिक्षू ग्योकी

जपानातील नारा नगरीत, तोदाइजी मंदिरात, वैरोचन बुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती विराजमान आहे. ती सम्राट शोमू यांनी घडविली असे इतिहास सांगतो. परंतु तिच्यासाठी लोकांच्या दारी गेलेल्या भिक्षू ग्योकी यांचे चरित्र आम्हांस अधिक मननीय वाटते.

ग्योकी यांचा जन्म इ. स. ६६८ मध्ये आजच्या ओसाकानजीक झाला. भिक्षूंनी मठात राहून राज्याच्या कल्याणार्थ सूत्रपठण करावे, असा त्या काळचा राजनियम होता. ग्योकी मात्र गावोगाव हिंडून उपदेश करीत, आणि नुसत्या उपदेशावर थांबत नसत. अनुयायांना घेऊन त्यांनी तळी खोदली, पाट काढले, पूल बांधले. राजधानीत कर पोहोचवून परतणारी माणसे वाटेत अन्नावाचून मरत. त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारल्या. लोकांचा हा ओघ पाहून दरबार धास्तावला. ७१७ साली राजाज्ञेने त्यांचे नाव घेऊन, क्षुद्र भिक्षू असे हिणवून, त्यांस लोकांना भुलविणारे ठरविले. काम तरीही चालूच राहिले. ७३१ साली सरकार थोडे नरमले आणि त्यांच्या वृद्ध अनुयायांस दीक्षेची मुभा मिळाली.

७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानात हाहाकार उडाला. त्यानंतर, ७४३ साली, शोमू यांनी महामूर्तीचा संकल्प सोडला. तिचा आधार अवतंसक सूत्र. भारतातून चीनमार्गे तेथे पोहोचलेले हे तत्त्वज्ञान सांगते की एका धूलिकणात अखिल विश्व सामावलेले आहे आणि प्रत्येक वस्तूत इतर सर्व वस्तू प्रतिबिंबित आहेत. अशी मूर्ती एकट्याच्या खजिन्यातून कशी घडावी? म्हणून सम्राटांनी आज्ञा केली की, गवताची एक काडी वा मूठभर माती आणणाऱ्यासही सहभागी करून घ्यावे; मात्र अधिकाऱ्यांनी या निमित्ताने प्रजेस पिडू नये.

हे शेवटचे कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. उत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आम्हीही फिरलो आहोत. नाखुशीने टाकलेला रुपया कसा वाजतो, ते आम्ही जाणतो.

लोक खुशीने देतील असा माणूस दरबारात नव्हता. ज्यास हिणविले, त्याच ग्योकींस पाचारण करावे लागले. पंचाहत्तरीच्या घरातील हे वृद्ध भिक्षू शिष्यांसह निधीसाठी बाहेर पडले. ७४५ साली त्यांस महासंघनायकाचे सर्वोच्च पद मिळाले. मंदिराच्या जुन्या नोंदीत धातूसाठी दान देणाऱ्यांची संख्या ३,७२,०७५ व लाकडासाठी देणाऱ्यांची ५१,५९० अशी दिली आहे. तरी प्रजेस कष्ट झाले नाहीत असे मात्र म्हणवत नाही. ७५७ च्या कटवाल्यांनी नेमके हेच गाऱ्हाणे मांडले होते.

मूर्ती पूर्ण झालेली पाहणे ग्योकींच्या नशिबी नव्हते. ७४९ च्या दुसऱ्या चांद्रमासात त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच महिन्यात मूर्तीच्या मुलाम्यासाठी हवे असलेले सोने उत्तरेकडील मुत्सु प्रांतात सापडल्याची वार्ता आली. ७५२ साली भारतातून गेलेल्या बोधिसेन नामक भिक्षूने नेत्रोन्मीलनाचा विधी केला. त्याच्या कुंचल्यास लांब दोर बांधले होते. ते हाती धरून जमलेले लोक त्या विधीत सहभागी झाले. तो कुंचला आणि एक निळा दोर नारा येथील शोसोइन भांडारात अद्याप जपून ठेवलेला आहे.